निवांतरावांची तबकडी

कवळीवाल्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, दात राहत. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हणून अडवलं, की ते कोऱ्या चेहऱ्याने बघत राहायचे. समोरचा ओशाळून हसला, की मात्र लगेच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायचा. "हो तर. वरचे चार पुढचे, आणि डाव्या बाजूला तार." ओळख पटली म्हणून खूश व्हावं की भर रस्त्यात तोंडाचं गुपित फुटलं म्हणून रागवावं, हे त्या माणसाला कळायचं नाही. कवळीवाले मात्र "सफरचंद चावून खाता ना?" एवढी चौकशी केल्याशिवाय पुढे सरकत नसत.

इमारतीच्या तळमजल्यावर त्यांची कामाची खोली होती आणि वरच्या मजल्यावर घर. खोलीत खिडकीला लागून लांबलचक टेबल, त्यावर वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, गॅसचा छोटा दिवा आणि घासायचं यंत्र. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि हे त्यावरून कवळी घडवून द्यायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं काही केलं नाही. भुवयांपर्यंत पांढरी पूड घेऊन ते दुपारी जेवायला वर आले, की बायको दारातच टॉवेल घेऊन उभी असायची. "आधी माणसात या," हे तिचं रोजचं स्वागत.

अशा माणसाला जॅझचं वेड लागलं तेही एका कवळीपायी. तरुणपणी त्यांच्याकडे हॉटेलच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला आला. जिन्यावरून घसरून त्याचे समोरचे दात गेले होते. नवी कवळी जेवताना शहाण्यासारखी वागायची, पण ट्रम्पेट ओठाला लावला रे लावला की डुगडुगायला लागायची. कवळीवाले म्हणाले, "उद्या येताना ट्रम्पेट घेऊन या." मग कित्येक दिवस तो माणूस त्या खोलीत बसून फुंकत होता आणि हे त्याची कवळी काढून, इथे घासून, तिथे थोडी जाड करून पुन्हा तोंडात बसवत होते. शेजाऱ्यांनी नाकं मुरडली, भांडायलाही एकदोघं येऊन गेले. शेवटी एका दुपारी सूर लागला. सरळ, स्वच्छ, न थरथरता. ट्रम्पेटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर कवळीवाल्यांच्याही.

दुसऱ्या दिवशी त्याने एक जुनी तबकडी, म्हणजे जॅझची रेकॉर्ड, आणून दिली. सोबत एक गोष्टही दिली. या तबकडीवर जो वाजवतो तो म्हणे दुखऱ्या दाढेनिशी स्टुडिओत गेला होता, आणि मधेच तो गप्प होतो ते काही कलेसाठी नव्हे, कळ आली म्हणून. "ऐका, इथे," तो म्हणाला. कवळीवाल्यांनी ऐकलं आणि त्या दिवसापासून ते कामातून गेले.

तबकड्या जमवायच्या म्हणजे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलं नाही. जुन्या बाजारात, बंद पडणाऱ्या दुकानांत, कुणाच्या तरी माळ्यावर ते हुंगत फिरायचे. चार माणसं घर बदलताना सामान बाहेर काढताहेत असं दिसलं, की ओळख ना पाळख, हे मदतीला धावायचे आणि खोकी उचलता उचलता आत डोकावायचे. घरी आधी एक फळी भरली, मग भिंत भरली, मग बायकोच्या कपड्यांच्या कपाटाचा खालचा खण गेला. "आता मला बाहेर काढा आणि माझ्या जागी ट्रम्पेट ठेवा," बायको म्हणाली. पण धूळ तीच पुसायची, आणि कुठल्या वाद्याला कुठली फळी हेही तिलाच ठाऊक असायचं.

जॅझ म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर कवळीवाले शास्त्रात शिरत नसत. "एक चाल ठरवायची," ते म्हणायचे. "ती सगळ्यांनी मिळून एकदा नीट वाजवायची. मग एकेकाने त्या चालीच्या घरात शिरायचं आणि आपल्याला हवं तसं सामान हलवायचं. शेवटी सगळं जागच्या जागी ठेवून बाहेर यायचं." ऐकणाऱ्याला एवढं पुरायचं.

आणि गोष्टी. जॅझवाल्यांच्या गोष्टी सांगाव्यात तर त्यांनीच. तबकडीच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत जे छापलेलं असे ते शब्दकोश घेऊन वाचायचे, आणि ते मुळात अर्ध्या पानाचं असलं तरी यांच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याची अर्ध्या तासाची गोष्ट झालेली असायची. त्यांचं बघणं तोंडापासून सुरू व्हायचं. हा क्लॅरिनेटवाला सूर चावतो म्हणजे याचे खालचे दात पुढे असणार. त्या बाईंच्या गाण्यात 'स' शिट्टीसारखा येतो, म्हणजे पुढच्या दोन दातांत फट आहे. फोटो मिळाला आणि अंदाज खरा ठरला, की आठवडाभर भाव खायचे. चुकला, तर फोटो वाईट आहे म्हणायचे. मित्र त्यांच्या गोष्टींना उघडउघड दंतकथा म्हणत, आणि त्यांनाही ते आवडायचं.

दर रविवारी सकाळी वरच्या खोलीत मंडळी जमायची. मंडळी म्हणजे फार नव्हेत. एक निवृत्त पोस्टमन, ज्यांचे पाय इतके चालले होते की आता ते खुर्चीतून उठायला तयार नसत. एक शिवणकाम करणाऱ्या बाई, ज्या ऐकताना हातातलं शिवण सोडत नसत. आणि कॉफी घेऊन आलेली कवळीवाल्यांची बायको, जी "मला काही कळत नाही बाई" म्हणून बसायची आणि शेवटपर्यंत उठायची नाही. आधी गोष्ट, मग सुई, आणि सुई टेकली की बोलायचं नाही. एवढाच नियम.

या सगळ्यांत एका तबकडीची गोष्ट कुठेच मिळत नव्हती. जुन्या बाजारातल्या एका गठ्ठ्यात ती आली होती. मोठी तबकडी, साधं कागदी पाकीट, मधलं लेबल पांढरंफटक. ना नाव, ना साल. तिच्यावर एक सॅक्सोफोनवाला होता. मागे पियानो आणि ढोल, पुढे हा, आणि इतका संथ की ऐकणाऱ्याचा श्वास आपोआप खोल व्हायचा. एका दमात तो एवढा लांब सूर ओढायचा की पोस्टमन खुर्चीत अस्वस्थ होत. कवळीवाल्यांनी त्यावरही सिद्धान्त काढला होता. "टाळू रुंद आहे याची. आणि वरचे पुढचे दात शाबूत. त्याशिवाय वाऱ्याला असा लगाम घालता यायचा नाही." आणि शेवटचा सूर विरल्यावर, सुई उचलायच्या जरा आधी, एक खोल आवाज यायचा. घशातून, अडखळत, थांबत थांबत. कण्हल्यासारखा. वाजवून झाल्यावर तो माणूस रडतो आहे, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

गोष्ट नाही म्हणून ती तबकडी मागे पडायची, पण शिवणवाल्या बाईंनीच तोड काढली. "आपणच ठरवू की कोण ते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून रिवाजच पडला. रविवारची शेवटची तबकडी ही, आणि ती लावायच्या आधी एकाने त्या माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट सांगायची. एकच. मनाला येईल ते नाही, वाजवण्यात ऐकू येईल तेच. बाकीच्यांनी ऐकून "आहे" किंवा "नाही" म्हणायचं. "आहे" म्हटलं की ती गोष्ट त्या माणसाची झाली, मग कुणी ती काढून घ्यायची नाही. पोस्टमननी त्याचं नाव निवांतराव ठेवलं. निवांतरावांना पत्रं येत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "कोटाचं वरचं बटण लोंबतंय. शिवणारं माणूस गेलंय घरातून." सगळे "आहे" म्हणाले. असं करत करत निवांतरावांना घर मिळालं, जिना मिळाला, खिडकीबाहेरचं झाड मिळालं. लोक खऱ्या नातेवाइकाची करणार नाहीत एवढी काळजी त्यांची करू लागले.

कवळीवाल्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं, पुढच्याच रस्त्यावर दुकान होतं. चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून देण्याचं. दादा लाकूड कापायचे, वहिनी काच बसवायच्या, आणि दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढायचे. मग दादा आजारी पडले. शेवटचे दोन महिने ते हॉस्पिटलात होते आणि वहिनी त्यांच्या उशाशी. दादा गेले तसं वहिनींनी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच. जावेने जेवायला बोलावलं तर यायच्या, दोन घास खाऊन जायच्या. कुणी म्हणालं, "आता स्वतःला सावरायला हवं," की त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या वेळी त्या माणसाला टाळायच्या.

रविवारी त्या येऊ लागल्या ते जावेने हाताला धरून आणलं म्हणून. दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, मांडीवर पिशवी, केव्हाही उठून जाता येईल अशा. ट्रम्पेट वाजो की गाणारी बाई, वहिनींच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. फक्त निवांतराव सुरू झाले, की त्या पिशवी खाली ठेवायच्या. शेवटच्या त्या कण्हण्यापाशी डोळे मिटायच्या. तो आवाज संपला की पुन्हा पिशवी मांडीवर.

बऱ्याच रविवारांनंतर, गोष्ट सांगायची पाळी कुणाची यावर पोस्टमन आणि शिवणवाल्या बाईंची जुंपली असताना, वहिनी पहिल्यांदा बोलल्या.

"ते घरी गेले की लगेच दिवा लावत नाहीत," त्या म्हणाल्या. "अंधारात थोडं बसतात. दिवा लावला की दुसरं कुणी नाही ते दिसतं ना."

मग पोस्टमन हळूच म्हणाले, "आहे."

त्यानंतर वहिनींची पाळी आपोआप येऊ लागली. निवांतराव दोन कप काढतात आणि एक परत ठेवतात. निवांतरावांना लोकांच्या धीर देण्याचा कंटाळा आलाय. सगळ्यांना कळत होतं त्या कुणाबद्दल बोलताहेत, आणि सगळे न कळल्यासारखं "आहे" म्हणत होते. एकदा जिना उतरताना त्या दिराला म्हणाल्या, "भाऊजी, जो तो मला ढकलतो. हा एक माणूस आहे ज्याला घाई नाही." कवळीवाल्यांना तेव्हा एवढं बरं वाटलं की त्यांनी जमवलेल्या सगळ्या तबकड्यांचं त्या दिवशी चीज झालं.

मग तो रविवार आला. वहिनी म्हणाल्या, "निवांतराव पुढच्या सोमवारी कामावर जाणार आहेत. थोडा वेळच. जमलं तर." शिवणवाल्या बाईंच्या हातातली सुई थांबली. "आहे," सगळे एकदम म्हणाले, आणि कवळीवाल्यांची बायको कॉफीचे कप आवरायचं निमित्त करून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आठवडाभर घरात दबक्या आवाजात आनंद होता. शनिवारी दुपारी कवळीवाले हात धुऊन वर आले आणि सुई नीट आहे ना हे बघायला त्यांनी निवांतरावांचीच तबकडी लावली. आणि खोलीत भलताच माणूस वाजवायला लागला. हलका, उड्या मारत जाणारा, चढ्या आवाजाचा सॅक्सोफोन. मागे ढोल नुसता खुसखुसत होता. कवळीवाल्यांनी तबकडी उचलून पाहिली. पांढरं लेबल. पाकीटही तेच. त्यांनी पुन्हा लावली, पुन्हा तोच आगाऊ माणूस.

"काय गं," त्यांनी आत हाक मारली, "तू काही केलंस का याला?"

"धूळ पुसली," बायको म्हणाली. "का हो?"

पुसताना रेकॉर्ड प्लेअरचं वेगाचं बटण फिरलं होतं. लहान तबकड्या जलद फिरवायच्या, मोठ्या सावकाश, असा साधा हिशेब. पण कधी कधी मोठ्या तबकडीवरही जलद वेगाचं ध्वनिमुद्रण करतात, आवाज भरदार यावा म्हणून. हे कवळीवाल्यांना माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, लोकांना ते ऐटीत सांगायचे. फक्त ही तबकडी घरात आली त्या दिवशी मोठी दिसली म्हणून त्यांनी सावकाश लावली, आणि पुढे इतकी वर्षं तशीच. ढोल आता ढोलासारखा वाजत होता, पियानो पियानोसारखा. लांब ओढलेला तो सूर एका साध्या माणसाच्या साध्या श्वासात बसत होता. रुंद टाळू बिळू काही नव्हती. निवांतराव निवांत नव्हतेच मुळी.

ते खुर्चीत बसले आणि शेवटाची वाट बघत राहिले. शेवटचा सूर विरला, आणि तो आवाज आला. तोच, पण आपल्या चालीने. एक माणूस हसत होता. काम मनासारखं झाल्यावर, कुणी बघत नाहीये असं समजून माणूस हसतो तसा, थोडा नाकातून.

बायको दारात येऊन उभी होती. "मला तर हेच बरं वाटलं," ती म्हणाली, आणि मग नवऱ्याचा चेहरा बघून तिलाही उमगलं. "अगंबाई. जाऊबाई."

"सोमवारी दुकान उघडणार आहेत त्या," कवळीवाले म्हणाले. "या माणसाच्या भरवशावर."

"मग बटण मागे फिरवा आणि गप्प बसा. कुणाला कळतंय?"

हे कवळीवाल्यांनाही पटत होतं. आयुष्यभर त्यांनी खोटे दातच तर बनवले होते. खोट्या दातांनी लोक जेवतात, हसतात, मुलींना सासरी पाठवताना ओठ दाबून धरतात. खोटं म्हणून काय ते कमी कामाचं असतं? वहिनींच्या पोटात इतक्या दिवसांनी चार घास जात होते ते याच खोट्यावर. सोमवार एकदाचा जाऊ दे, मग बघू, असं त्यांनी ठरवलं आणि बटण मागे फिरवलं. पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

रविवारी सगळे आले. वहिनी लवकर आल्या, आणि दाराजवळच्या नाही, आतल्या खुर्चीत बसल्या. पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "आज काही नवीन नाही. उद्याची धाकधूक आहे त्यांना, एवढंच." आहे, आहे, झालं. कवळीवाल्यांनी सुई टेकवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ती तबकडी सहन होईना. ढोल चिखलातून पाय ओढत होता. सॅक्सोफोन फुगवून मोठा केल्यासारखा. हे इतकी वर्षं आपल्या कानांना कसं कळलं नाही, याची लाज वाटून ते जमिनीकडे बघत राहिले. मग शेवट आला. वहिनींनी डोळे मिटले. कण्हणं सुरू झालं, आणि वहिनींच्या गळ्याची शीर त्याबरोबर हलताना त्यांना दिसली. त्या त्याच्यासोबत कण्हत होत्या. आवाज न करता.

"वहिनी," कवळीवाले म्हणाले. नियम त्यांनीच मोडला. "तो रडत नाहीये."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. बायकोने कपाळाला हात लावला. आता माघार नव्हती. कवळीवाल्यांनी अडखळत सगळं सांगितलं, बटण फिरवलं, आणि तबकडी पुन्हा लावली. तो उड्या मारणारा माणूस खोलीभर फिरला. पोस्टमनचा पाय नकळत ठेका धरू लागला आणि त्यांनी तो दटावून थांबवला. मग हसणं आलं.

वहिनी पिशवी घेऊन उठल्या. दारापाशी थांबून एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गप्प बसता आलं नाही का तुम्हाला?" आणि जिना उतरून गेल्या.

सोमवारी कवळीवाले सकाळपासून तीन वेळा काहीतरी आणायला म्हणून पुढच्या रस्त्यावर जाऊन आले. शटर बंद. मंगळवारी बंद. घरात बायकोने अबोला धरला होता. ताट समोर यायचं, शब्द यायचा नाही. शिवणवाल्या बाई वाटेत भेटल्या तर त्यांनी मान फिरवली. खरेपणाचं हे काय खूळ डोक्यात शिरलं, असं स्वतःलाच विचारत कवळीवाले जबडे घासत बसले. त्यांना दादांची आठवण येत होती, आणि दादा असते तर पहिली शिवी त्यांनीच घातली असती, हेही कळत होतं.

बुधवारी दुपारी ते प्लास्टर कालवत असताना दारात सावली पडली. वहिनी होत्या. झोप झाल्यासारख्या दिसत नव्हत्या, पण अंगावर बाहेर जायचे कपडे होते. स्टुलावरचा एक जबडा उचलून त्यांनी टेबलावर ठेवला आणि त्या बसल्या.

"रागावले होते," त्या म्हणाल्या.

"रागवायलाच हवं होतं."

"बोलू द्या मला." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "हॉस्पिटलात ते शेवटी शेवटी बोलायचे नाहीत. नुसतं कण्हायचे. रात्रंदिवस. ते गेले, मी घरी आले, पण तो आवाज काही गेला नाही. वर्षभर माझ्या कानात तेवढाच आहे, भाऊजी. डोळे मिटून त्यांना आठवायला गेलं, की तोच. त्याआधीचं काही ऐकूच येत नव्हतं. एवढी वर्षं एकत्र काढली, आणि माझ्याकडे कण्हणं तेवढं राहिलं. तुमच्या त्या माणसाजवळ मी बसायचे ते त्यासाठी. म्हटलं, इथे तरी कुणी विचित्र म्हणणार नाही."

कवळीवाल्यांच्या हातातलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं. त्यांचं लक्ष नव्हतं.

"रविवारी तुम्ही ते जलद लावलंत. मी घरी गेले, दार लावलं, तुम्हाला मनसोक्त बोलून घेतलं. मग काल भांडी घासताना ते हसणं कानात आलं. तुमच्या त्या माणसाचं. आणि एकदम आठवलं. चौकट भिंतीवर टांगून झाली, की तुमचे दादा दोन पावलं मागे जायचे. तिरकी नाहीये ना बघायचे. आणि सरळ असली, की हसायचे. असंच. नाकातून, अर्धवट. मी चिडवायचे त्यांना, घोडा शिंकला म्हणून." वहिनींचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "ते मी विसरले होते. माझ्याच नवऱ्याचं हसणं मी विसरले होते हो."

कवळीवाल्यांनाही ते आत्ता आठवलं. लहानपणी पतंग सुटला की, सायकलची साखळी बसली की, दादा तसेच हसायचे.

"वर चला," वहिनी म्हणाल्या. "शेवटचं तेवढं ऐकवा."

वर बायकोने दोघांना एकत्र येताना पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाली. कवळीवाल्यांच्या हातांना प्लास्टर लागलेलं, म्हणून सुई वहिनींनी स्वतः ठेवली, ते सांगत होते तिथे नाही, थोडी आधीच. सॅक्सोफोनने शेवटची उडी मारली, सूर विरला, आणि तो अनोळखी माणूस हसला. वहिनींनी सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा हसला. मग पुन्हा. या वेळी वहिनींच्या तोंडावर जे होतं त्याला रडणं म्हणावं की हसणं, हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि कुणी विचारलंही नाही.

"पुरे," त्या म्हणाल्या. डोळे पुसले. "आता नाही विसरायची." मग पिशवी उचलत त्यांनी दिराकडे पाहिलं. "सोमवारी मी गेले होते दुकानावर. रागातच गेले. शटर गंजलंय, माझ्या एकटीच्याने उचलवत नाही. येता का?"

कवळीवाले तसेच निघाले, कोपरापर्यंत पांढरे, भुवयांवर पूड. बायकोने मागून टॉवेल धरला, पण त्यांनी तो घेतला नाही. खाली कालवलेलं प्लास्टर भांड्यात दगड होऊन बसलं असणार, आणि कुणाची तरी कवळी दोन दिवस लांबणार, याची त्यांना फिकीर नव्हती. शटरच्या एका बाजूला ते वाकले, दुसऱ्या बाजूला वहिनी. पहिल्यांदा ते नुसतं कुरकुरलं. दुसऱ्यांदा दोघांनी जोर लावला आणि ते वर गेलं. आत लाकडाचा वास तसाच होता, दादांच्या हातांना यायचा तो. कवळीवाल्यांना तिथेच, भर रस्त्यात, लहान मुलासारखं रडू कोसळलं. वहिनींनी एकदा पाहिलं, आत गेल्या, आणि बाहेर येऊन त्यांच्या हातात झाडू दिला.